तीन लाख कार्डांचा धनी

मांजलपूरला आमच्या सोसायटीत एक शाळकरी मुलगा राहतो. परदेशी फुटबॉलपटूंची छापील कार्डे मिळवायची, ती पत्रासोबत त्या त्या खेळाडूच्या क्लबाकडे टपालाने पाठवायची आणि सही होऊन परत येण्याची वाट पाहायची, हा त्याचा छंद. आत स्वतःचा पत्ता लिहिलेले पाकीट घालावे लागते. त्यावर आपले तिकीट चालत नाही, तेव्हा तिकडची तिकिटे पैदा करणे हाच मोठा खटाटोप! चार-सहा महिन्यांनी कार्ड येते, कधी येतच नाही. पण त्याची वही पाहण्यासारखी आहे. कार्ड कोणत्या संचातले, कोणत्या सालचे, कितव्या क्रमांकाचे, सारे तीत टिपलेले. कार्डांना अशी शिस्त ज्या माणसाने लावली त्याला अमेरिकेतले संग्राहक या छंदाचा जनक मानतात. जेफरसन बर्डिक हे त्याचे नाव.

बर्डिक यांचा जन्म १९०० साली न्यूयॉर्क राज्यातील सेंट्रल स्क्वेअर या लहानशा गावी शेतकरी कुटुंबात झाला. त्या काळी तिकडे सिगारेटच्या पाकिटात जाड कागदाचे एक चित्र घालीत. पाकीट चुरगळू नये हा एक हेतू. आणि संच पुरा करण्याच्या नादात गिऱ्हाइकाने पुन्हा तोच माल घ्यावा हा दुसरा, आणि माझ्या मते खरा. खेळाडू, नट्या, पक्षी, झेंडे अशी ती चित्रे मुलांच्या हाती पडत. नवी चित्रे मिळावीत म्हणून मुले वडिलांना सिगारेटचा छाप बदलायला लावीत, असे सांगतात. आपल्याकडे बबलगमच्या वेष्टनातून क्रिकेटपटू निघत, त्यातलाच हा प्रकार. बहुतेकांचा हा नाद मिसरूड फुटताच सुटतो. बर्डिक यांचा सुटला नाही.

सिराक्यूज विद्यापीठात शिकून ते त्याच शहरातील क्राऊस-हाइंड्स या विजेच्या सामानाच्या कारखान्यात लागले. सुटे भाग जोडण्याचे हातकाम, पगार बेताचा. त्यात तिशीच्या सुमारास संधिवाताने गाठले आणि तो पुढे वाढतच गेला. लग्न केले नाही. भाड्याची खोली आणि खोलीभर कार्डे, एवढाच संसार.

परंतु या खोलीतून देशभर पत्रे जात होती. कोणाजवळ काय आहे, कोणता संच कितीचा, कोणते चित्र कोणाला हवे, हे सारे टपालानेच चाले. अडचण अशी की कार्डांना नावेच नव्हती. लाल पाठीचे, तंबाखूवाल्यांचे, बेसबॉलचे, असे लिहून समोरच्याला काय कळणार? १९३७ साली बर्डिक यांनी संग्राहकांसाठी एक छोटे पत्रक सुरू केले आणि १९३९ साली अमेरिकन कार्डांची सूची छापली. पुढे तिच्या वाढवलेल्या आवृत्त्या निघाल्या. एकोणिसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना एन, विसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना टी, जुन्या मिठाईबरोबरच्यांना ई, अशी अक्षरे देऊन पुढे संचाचा क्रमांक. १८९४ साली मेयो या तंबाखू कंपनीने हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन येथील फुटबॉलपटूंची ३५ कार्डे काढली होती (हा फुटबॉल त्यांचा, हाताने खेळायचा!), त्यांची ओळख आजही एन-३०२ हीच आहे. दोन अनोळखी माणसे हजार मैलांवरून एकाच वस्तूविषयी बिनचूक बोलू लागली. आमच्या जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर, विस्कळीत मालाला प्रथमच खतावणी मिळाली.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी, आम्हाला लगेच भाव विचारायची खोड. तर ऐका. टी-२०६ या संचात होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे कार्ड फार थोडे आढळते. त्याने आपले चित्र असे विकण्यास हरकत घेतली म्हणून छपाई थांबली, असे मानतात. २०२२ साली त्याची एक प्रत बहात्तर लाख पन्नास हजार डॉलरांना गेली. बर्डिक यांच्यापाशीही ते कार्ड होते. त्यांनी ते गोंदाने अल्बमात चिकटवून टाकले.

ते असे घडले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात हायट मेयर हे छापचित्रांचे प्रमुख होते. १९४७ साली बर्डिक यांनी आपला सारा संग्रह या संग्रहालयाला देऊ केला आणि मेयर यांनी तो घेतला. खोकी जाऊ लागली. पण नुसती खोकी देऊन भागणार नव्हते; सूचीच्या क्रमाने प्रत्येक कार्ड अल्बमात लावायचे होते, आणि ते लावू शकणारा माणूस एकच होता. १९५९ साली बर्डिक नोकरी सोडून न्यूयॉर्कला राहायला गेले. संग्रहालयाने त्यांना एक मेज दिले. वाकलेल्या बोटांनी ते रोज त्या मेजावर कार्डे चिकटवू लागले.

आजचे व्यापारी या गोंदाबद्दल हळहळतात, कारण मागे डाग पडला की कार्डाची किंमत उतरते. मला ही हळहळ पटत नाही. जे विकायचेच नाही त्याचा बाजारभाव काय करायचा? पुण्याच्या काका केळकरांनी दिवे आणि अडकित्ते जमवून, दिवंगत मुलाच्या नावाने संग्रहालय उभे करून ते सरकारला दिले, तेव्हा त्यांनी कुठे भाव काढला होता? फरक इतकाच की काकांचे दिवे पाहताच कोणीही थांबेल; बर्डिक यांची कार्डे त्या वेळी रद्दीच समजली जात. त्यांत बेसबॉलची सुमारे तीस हजार; बाकीची शुभेच्छापत्रे, पोस्टकार्डे, दुकानदारांच्या जाहिराती. गंमत म्हणजे खुद्द बर्डिक यांना बेसबॉलचे विशेष वेड नव्हते म्हणतात. त्यांना कागदाचे वेड होते.

एकूण तीन लाखांवर चित्रे लागली. १० जानेवारी १९६३ रोजी शेवटचे कार्ड चिकटवून झाले. दुसऱ्या दिवशी बर्डिक रुग्णालयात दाखल झाले. तेथून ते परतले नाहीत. १३ मार्च रोजी त्यांचे निधन झाले. अल्बम संग्रहालयात आहेत, आणि त्यांतील बेसबॉलची कार्डे तेथे आळीपाळीने मांडली जातात.