मराठीचे सीमोल्लंघन : श्रीचक्रधरस्वामी

मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने एका गुजराती सत्पुरुषाचे ऋण मान्य केले पाहिजे, असे आम्हांस वाटते. ते सत्पुरुष म्हणजे महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधरस्वामी.

पंथीय परंपरेनुसार स्वामी मूळचे भडोचचे. प्रधान विशाळदेवांचे पुत्र हरिपाळदेव. रामटेकच्या यात्रेस निघाले असता ऋद्धिपूर येथे त्यांना श्रीगोविंदप्रभूंचे दर्शन घडले आणि वैभवाचा पाश कायमचा तुटला. पुढे दीर्घकाळ एकाकी भ्रमण करून १२६७ च्या सुमारास पैठण येथे त्यांनी संन्यास घेतला व गोदातीरी उपदेशास आरंभ केला. जन्मभाषा गुजराती असूनही त्यांनी ब्रह्मविद्या सांगितली ती सामान्यजनांच्या मराठीत. स्त्रीशूद्रांनाही त्यांनी संन्यासाचा अधिकार दिला. आद्य मराठी कवयित्री महदाइसा त्यांच्याच शिष्यपरिवारातील. १२७४ च्या सुमारास स्वामी उत्तरापंथे गेले, अशी पंथीयांची श्रद्धा आहे.

स्वामींच्या पश्चात नागदेवाचार्यांनी तो लहानसा समुदाय सांभाळला. संस्कृतज्ञ शिष्यांनाही त्यांनी मराठीतच लिहावयास लावले, कारण एरवी साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकल्या असत्या. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून स्वामींच्या आठवणी मिळविल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले.

स्वामींची आज्ञा महाराष्ट्रातच वास करण्याची होती. तथापि कालौघात पंथ पंजाबात गेला, पेशावर व काबूलपर्यंत त्याचे मठ झाले. तेथे तो ‘जयकृष्णी’ या नावाने ओळखला जाऊ लागला. अनुयायांची घरची भाषा पंजाबी. पोथी मात्र मराठी! सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमुळे हे साहित्य शतकानुशतके इतरांस अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा कोठे मराठी जनांस आपलाच ठेवा गवसला.

सरकारी नोकरीतील बदल्यांमुळे प्रांतोप्रांती बिऱ्हाडे थाटणाऱ्या आम्हां मंडळींस या चरित्रातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. मराठीचा ज्यांच्याशी जन्माचा संबंध नव्हता, त्यांनी ती परमुलखात जपली, कारण त्यांच्या नित्य उपासनेस तिच्यावाचून गत्यंतर नव्हते. आमची मुले मात्र घरातही परभाषेत बोलू लागली आहेत. वर्षातून एकदा गणेशोत्सवात नाटक बसविल्याने ही उणीव भरून निघणार नाही. मुलांना मराठीची रोज गरज भासेल असे काही तरी आपण उभे केले पाहिजे. सुवर्णमहोत्सवी मंडळाने पुढील पन्नास वर्षांसाठी हाच संकल्प सोडावा.