टिळक आणि ज्यूरी

लातूरच्या कापूस-व्यापाराचा इतिहास सांगताना लोकमान्य टिळकांचे नाव घ्यावेच लागते. 1891 साली, निजामाच्या राज्यातील या गावी, त्यांनी भागीदारीत जिनिंगचा कारखाना काढला. सरकारी नोकरी करावयाची नाही, हे आधीच ठरले होते; वृत्तपत्रावर संसार चालत नव्हता. चरितार्थासाठीच ते पुण्यात वकिलीच्या परीक्षांचे वर्ग घेत. स्वतः मात्र कायद्याची पदवी असूनही ते वकिली करण्याच्या भानगडीत पडले नाहीत. कोर्टाची पायरी त्यांना चढावी लागली ती आरोपी म्हणून.

1897 साली, प्लेगच्या दिवसांत पुण्यात रँडचा खून झाला आणि केसरीतील लेखनाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी गृहस्थ होते. सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. पुरावा एकच, पण मतांची फाळणी वर्णानुसार झाली. टिळकांना 18 महिन्यांची सक्तमजुरी मिळाली.

1908 साली मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर तेच नाट्य पुन्हा घडले. या वेळी सात युरोपियन आणि दोन पारशी होते. लेख मराठी, आणि ज्यूरीची भिस्त इंग्रजी भाषांतरावर. टिळकांनी स्वतः एकवीस तासांहून अधिक वेळ बाजू मांडली. त्यातील बराच भाग शब्दांचे खरे अर्थ समजावून देण्यात गेला. न्यायासनावर दावर होते. 1897 साली टिळकांना जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर तेच, आणि 1908 साली जामीन नाकारणारे न्यायमूर्तीही तेच!

22 जुलैच्या रात्री सातांनी दोषी ठरविले, दोघांनी नाही. बारा ज्यूररांवरील 1957 च्या प्रसिद्ध अमेरिकन चित्रपटात एकटा असहमत ज्यूरर उरलेल्या अकरांना विचार करावयास भाग पाडतो. ते शक्य होते, कारण तेथे एकमत आवश्यक असते. आपल्याकडील हायकोर्टाच्या ज्यूरीत नऊपैकी सहांचे मत पडले आणि न्यायाधीशाने ते मानले, की काम भागत असे. त्या सातांना दुष्ट ठरविण्याचे कारण नाही. त्या दोघांचे मन वळविण्याची त्यांना गरजच नव्हती, आणि पूर्वग्रहाला याहून अधिक सोय लागत नाही.

सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी या संपाची नोंद अधिक ठळकपणे घ्यावयास हवी होती. टिळक मंडालेच्या तुरुंगात असतानाच, 1912 साली, पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्या. जून 1914 मध्ये त्यांची सुटका झाली.

1916 साली स्वराज्यावरील भाषणांबद्दल त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि जामीन मागण्यात आला. हे प्रकरण ज्यूरीपुढे आलेच नाही. हायकोर्टात बॅचलर आणि शहा या न्यायमूर्तींनी सुटी वाक्ये न पाहता ती भाषणे समग्र विचारात घेतली आणि खालचा हुकूम रद्द केला.