वसंतदादा पाटील : कमी शिकलेले, पण शिक्षणाची किंमत ओळखणारे नेते



वसंतदादांची शाळा प्राथमिक शिक्षणापुढे फारशी गेली नाही, असं वर्गात सांगितलं की एखादा तरी विद्यार्थी विचारतोच, मग आम्ही कशाला शिकायचं? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. याचं उत्तर दादांच्या आयुष्यातच आहे.

दादांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा. सांगलीजवळचे पद्माळे हे त्यांचे गाव. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि आजीने त्यांना वाढवले. शाळा सुटली ती परिस्थितीमुळे, कंटाळा आला म्हणून नव्हे. हा फरक मुलांना नक्की सांगा.

पुढे ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून साथीदारांसह ते बाहेर पडले. पाठलागात गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव हे दोघे शहीद झाले. दादांच्या खांद्यात गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले.

१९५२ मध्ये ते आमदार झाले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी शेतकऱ्यांना एकत्र करून सांगलीत सहकारी साखर कारखाना उभा केला. पण नुसता कारखाना काढून भागत नाही, उसाचा अभ्यासही हवा, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच १९७५ मध्ये साखर कारखान्यांनी मिळून पुण्याजवळ मांजरीला संशोधन संस्था काढली, त्यात त्यांचा पुढाकार होता. आज ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

१९७७ मध्ये दादा मुख्यमंत्री झाले. पुढच्याच वर्षी सहकारी फुटले आणि सरकार पडले. १९८३ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. तेव्हा इंजिनिअरिंगच्या जागा मोजक्याच होत्या. आपली मुले देणगी भरून कर्नाटकात शिकायला जात. दादांनी राज्यात खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यातून गावोगावची मुले इंजिनिअर झाली.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. विनाअनुदानित म्हणजे खर्चाचा भार फीवर. ज्याच्याकडे पैसा नाही त्याला हे दारही जडच गेले. फीसाठी कर्ज काढणारे पालक आपल्यालाही माहीत आहेत. निर्णय चांगला की वाईट, यावर वरच्या वर्गात चर्चा जरूर घ्या.

नंतर दादा राजस्थानचे राज्यपाल झाले. १ मार्च १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

तर मुलांच्या प्रश्नाचं उत्तर काय? दादा शिकले नाहीत म्हणून मोठे झाले नाहीत. ते मोठे झाले कष्टांनी आणि माणसे जोडून. आणि हाती सत्ता आल्यावर त्यांनी इतरांच्या मुलांसाठी कॉलेजं वाढवली. शिक्षण बिनकामाचं वाटलं असतं, तर त्यांनी हे केलं असतं का? एवढाच प्रश्न वर्गात विचारा. पुढचं मुलंच बोलतील.