बर्लिनहून परतलेले डॉ. झाकीर हुसेन



काही महिन्यांपूर्वी आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले होते. मुलगा आता कॉलेजात आहे. एका सत्रासाठी जर्मनीला जाण्याची संधी त्याला आली होती. खर्चाचे काहीतरी जमवू, असे ते म्हणाले. पण मुलगा तिकडे जाऊन काय होऊन येईल, आणि मुळात परत येईल का, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. मी त्या वेळी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. चहा घेऊन ते गेले. नंतर मला राहून राहून डॉ. झाकीर हुसेन यांची आठवण येत राहिली. भारताचे तिसरे राष्ट्रपती म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. परंतु आज मी तुम्हाला राष्ट्रपती भवनात नेणार नाही. सन १९२२ ते १९२६ या काळातील बर्लिन शहरात नेणार आहे.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील कायमगंजचे, पठाणांचे. वडील फिदा हुसेन खान हैदराबादेत वकिली करीत. झाकीर हुसेन दहा वर्षांचे असताना वडील वारले, आणि १९११ साली प्लेगने आईही गेली. इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलच्या वसतिगृहात हे पोरके पोर वाढले. ज्या पालकांना वाटते की घरी सर्व सुखसोयी असल्याशिवाय मूल शिकत नाही, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पुढे अलीगढचे कॉलेज. तेथे अर्थशास्त्रात एम. ए. चा अभ्यास चालू असतानाच ऑक्टोबर १९२० मध्ये गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणारे शिक्षण सोडा, असे त्यांचे आवाहन होते. झाकीर हुसेन यांच्यापुढे उत्तम सरकारी नोकरीचा रस्ता मोकळा होता. तरीही ते बाहेर पडले. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामिया स्थापन झाली आणि हा तेवीस वर्षांचा तरुण तेथे शिकवू लागला. दोन वर्षे शिकविल्यावर आपलेच ज्ञान अपुरे आहे हे त्यांना जाणवले असावे, असे मला वाटते. मी स्वतः शिक्षक आहे. वर्गात उभे राहिल्यावर ही जाणीव लवकर होते. पत्नी शहाजहान बेगम यांना मागे ठेवून १९२२ साली ते जर्मनीस निघाले.

आता बर्लिनची त्या वेळची स्थिती पाहा. १९१८ साली महायुद्धात जर्मनीचा पराभव झाला होता. सरकार नोटा छापत होते आणि नोटांची किंमत रोज घसरत होती. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका अमेरिकन डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत. विद्यार्थी मित्रांनो, हा आकडा छपाईची चूक नाही. सकाळी हाती पडलेल्या पगाराची किंमत संध्याकाळपर्यंत उतरत असे, म्हणून पगार होताच लोक दुकानाकडे धावत. ज्यांनी आयुष्यभर काटकसर करून बँकेत शिल्लक टाकली, त्यांची पुंजी कागदाच्या मोलाची झाली. बाहेरून चलन आणणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना मात्र हे शहर काही काळ फार स्वस्त पडले. शेवटी त्याच महिन्यात नवे चलन काढले गेले आणि जुन्या एक लाख कोटी मार्कांच्या जागी एक नवा मार्क आला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला असा धडा कोणत्या पुस्तकात मिळाला असता?

बर्लिन विद्यापीठात त्यांचे गुरू वेर्नर झोंबार्ट होते. भांडवलशाहीच्या इतिहासावरील त्यांच्या ग्रंथाने ते साऱ्या युरोपात गाजलेले होते. तेथील पद्धत आपल्याहून निराळी. वर्षाची दोन सत्रे, हिवाळी आणि उन्हाळी. कोणती व्याख्याने ऐकायची हे विद्यार्थ्याने ठरवायचे. दरवर्षी परीक्षा नाही. अखेरीस प्रबंध लिहून तो पंडितांपुढे उभा करायचा. अशा मोकळिकीत कित्येक मुले वाया जातात, हे खरे आहे आणि ते लपविण्यात अर्थ नाही. झाकीर हुसेन यांनी आधी जर्मन भाषा आत्मसात केली आणि नंतर ब्रिटिश हिंदुस्थानातील शेतजमिनीच्या व्यवस्थेवर जर्मन भाषेतच प्रबंध लिहिला. विषयाकडे लक्ष द्या. बर्लिनमध्ये बसून हा विद्यार्थी आपल्या देशातील जमिनीचा आणि कुळाचा विचार करीत होता. १९२६ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

परंतु त्यांचे खरे शिक्षण विद्यापीठाच्या भिंतींबाहेरही चालले होते. मुहंमद मुजीब आणि आबिद हुसेन हे दोघे ऑक्सफर्डहून बर्लिनला आले होते. तिघांची जन्मभराची दोस्ती येथे जमली. बर्लिनमध्ये काविआनी नावाचा एक फारसी छापखाना होता. झाकीर हुसेन यांच्या मनाने घेतले की मिर्झा गालिबचा दीवान येथे सुंदर आणि सुबक, खिशात मावेल असा छापावा. त्यासाठी ते स्वतः छापखान्यात उभे राहून खिळे जुळवायला शिकले. १९२५ साली तो दीवान निघाला. पीएच. डी. करणारा हा विद्यार्थी शाईने हात काळे करून घेत होता, हे चित्र मला त्यांच्या सर्व पदव्यांहून अधिक प्रिय आहे.

जर्मनीतील शाळाही त्यांनी डोळसपणे पाहिल्या. म्युनिक शहराच्या शाळांचे प्रमुख राहिलेले केर्शेनस्टाइनर यांचे मत होते की मुलाने केवळ ऐकून नव्हे तर हातांनी काम करून शिकावे. हा विचार झाकीर हुसेन यांच्या मनात कायमचा रुजला. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. नव्या अभ्यासक्रमाच्या समितीचे अध्यक्षपद झाकीर हुसेन यांच्याकडे आले. चरखा गांधीजींचा होता, पण बर्लिनच्या दिवसांतील वाचनही त्या अहवालात उतरले असे मला वाटते. आणि मुलांच्या हातच्या कमाईकडेच डोळे लागले तर शिक्षण बाजूला पडेल, हा धोकाही समितीने स्पष्ट नोंदवला. गांधीजींची योजना म्हणून डोळे मिटून मान डोलावली नाही.

आता परतण्याची गोष्ट. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफतच संपविली. खिलाफत चळवळीच्या निधीवर जामियाचा गाडा चालत होता. तो निधी आटला आणि संस्था बंद करावी असे बोल निघू लागले. ही वार्ता बर्लिनला पोहोचली. तिघे मित्र एकत्र बसले. १९२५ साली हकीम अजमल खान युरोपात आले असता या तरुणांनी त्यांना शब्द दिला की आम्ही येतो, तोवर संस्था मिटवू नका. जामिया त्याच वर्षी अलीगढहून दिल्लीत करोलबागेतील भाड्याच्या घरांत आली होती. १९२६ च्या आरंभी तिघेही मायदेशी परतले. झाकीर हुसेन एकोणतीस वर्षांचे होते. त्या वयात त्यांनी कुलगुरूपद स्वीकारले. पद मोठे होते, पण तिजोरी रिकामी होती. डिसेंबर १९२७ मध्ये हकीमसाहेबांचे निधन झाले आणि उरलासुरला आधारही गेला. तेव्हा १९२८ साली येथील शिक्षकांनी लेखी प्रतिज्ञा केली की वीस वर्षे संस्थेची सेवा करू आणि महिना दीडशे रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही. पगार वेळेवर मिळेलच असेही नव्हते. झाकीर हुसेन १९४८ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, तेथे राहिले.

बर्लिनहून त्यांच्या मागोमाग आणखी एक व्यक्ती आली. गेर्डा फिलिप्सबोर्न ही ज्यू कुटुंबातील जर्मन स्त्री बर्लिनमध्ये या तिघांची स्नेही होती. हिटलर सत्तेवर येण्याच्या सुमारास ती हिंदुस्थानात आली आणि १९३३ पासून जामियाच्या लहान मुलांत रमली. मुले तिला आपाजान म्हणत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून इंग्रज सरकारने तिला काही काळ स्थानबद्ध केले. १९४३ साली कर्करोगाने ती वारली. तिची कबर जामियाच्या कबरस्तानात आहे.

त्यापुढचे तुम्हाला ठाऊक असेल. अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरूपद, बिहारचे राज्यपालपद, १९६२ साली उपराष्ट्रपतिपद, १९६३ साली भारतरत्न आणि १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपतिपद. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. दफनासाठी त्यांना ओखल्याला, जामियाच्या आवारात आणण्यात आले. याच ओखल्यात १९३५ साली जामियाच्या नव्या इमारतीची कोनशिला बसविली गेली होती. त्या वेळी कोणी नवाब वा पुढारी बोलावला नव्हता. ती शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून बसविली होती.

त्या मुलाच्या वडिलांना मी पुन्हा भेटावयास बोलावले आहे.