प्राणी शोधणारा वनस्पतिशास्त्रज्ञ

पुण्यातील आघारकर संशोधन संस्था ज्या रस्त्यावर उभी आहे, त्याला सुधारक गोपाळ गणेश आगरकर यांचे नाव आहे. साहजिकच संस्थाही त्यांचीच, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात संस्थेचे आघारकर वेगळे. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ मध्ये मालवणचा.

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असताना, १९११च्या सुमारास, सातारा जिल्ह्यातील सह्याद्रीच्या नद्यांत त्यांना एक जेलीफिश आढळला. जेलीफिश बहुतांशी समुद्रातले. गोड्या पाण्यात ते क्वचितच. त्यातही लिम्नोक्निडा ही प्रजाती तोवर केवळ आफ्रिकेत ठाऊक होती. त्यामुळे हा जीव कोणत्या संघात, कोणत्या प्रजातीत बसतो, हा प्रश्न निव्वळ वर्गीकरणाचा राहिला नाही. भारत आणि आफ्रिका यांच्यातील प्राचीन नात्याचा प्रश्न त्यातून पुढे आला. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन ॲनंडेल यांनी त्याचे वर्णन करून लिम्नोक्निडा इंडिका असे नामकरण केले. नावापुढे वर्णनकर्त्याचे नाव लिहिण्याची शास्त्राची रीत आहे. म्हणून तेथे ॲनंडेल आहेत, आघारकर नाहीत. रीत रास्त असली तरी शोधणारा त्यात मागे पडतो.

पुढे आघारकरांनी वनस्पतिसृष्टीची वाट धरली. कोलकाता विद्यापीठात रासबिहारी घोष यांच्या देणगीतील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकपदी त्यांची नियुक्ती झाली. उच्च अध्ययनासाठी ते जर्मनीत असतानाच १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना स्थानबद्धता सोसावी लागली. तरीही १९१९ मध्ये बर्लिनची डॉक्टरेट मिळवूनच ते परतले. वायव्य भारतातील कोरड्या व खारट जमिनीतील वनस्पती कोठून आल्या, कशा पसरल्या, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. सातारच्या नदीतला प्रश्नही याच जातीचा होता.

कोलकात्यातून निवृत्त होताच १९४६ मध्ये त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली आणि १९६० मध्ये निधन होईपर्यंत तिचे संचालकपद सांभाळले. तेथे वनस्पतींच्या नमुन्यांबरोबर बुरशींचाही संग्रह आहे. आघारकरांच्या हयातीत बुरशी वनस्पतींतच गणली जाई. तिला स्वतंत्र सृष्टीचा दर्जा देणारी रॉबर्ट व्हिटेकर यांची पंचसृष्टी पद्धत १९६९ मध्ये आली. संस्थेला आघारकरांचे नाव मिळाले ते १९९२ मध्ये.