निसटलेला चिमटा आणि हाफकिन

दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसाला आजूबाजूला काय चालले आहे ते दिसत नाही. एखादे हत्यार हातातून निसटून फरशीवर पडले आणि जंतुनाशकात बुचकळून परत वापरले, तर त्याला कळणारही नाही. म्हणूनच दंतवैद्यक शिकणाऱ्यांसाठी एक नियम पक्का असतो. खाली पडलेले हत्यार त्या रुग्णासाठी पुन्हा वापरायचे नाही. हा नियम किती मोलाचा आहे, हे कळण्यासाठी वाल्डेमार हाफकिन यांचे आयुष्य पाहावे. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमुळे हे नाव आपल्या ओळखीचे आहे.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. मेचनिकॉव्ह हे त्यांचे गुरू. धर्म बदलला तर रशियात प्राध्यापकी मिळण्यासारखी होती, पण त्यांनी तो बदलला नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी ग्रंथपालाची नोकरी धरली आणि उरलेल्या वेळात प्रयोग सुरू ठेवले. १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले हजारो लोक राबत होते. भीतीने लोक शहर सोडू लागले, कोकणातल्या माणसांनी गावची वाट धरली. हाफकिन यांना सरकारने मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत, मोजक्या माणसांना हाताशी घेऊन त्यांनी तीन महिन्यांच्या आत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. मागणी वाढत गेली आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तिथून देशभर बाटल्या जाऊ लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. काही दिवसांनी त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. या सर्वांना लस एकाच बाटलीतून दिली होती. तिचा क्रमांक ५३ एन. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही.

दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांनी लस तयार करण्याच्या पद्धतीत काही बदल केले होते, त्यावर बोट ठेवले गेले. त्यांना कामावरून दूर केले आणि त्यांना देश सोडून जावे लागले. लाखो लोकांसाठी लस बनवणारा माणूस १९ मृत्यूंचा आरोपी ठरला.

चौकशीत मात्र एक बारीक गोष्ट नोंदली गेली होती. गावात बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर तापवून घेण्याऐवजी कार्बोलिक द्रावणात नुसता बुचकळून वापरला गेला. त्यातच बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंधी आली नव्हती. दोष मुंबईतच झाला असता, तर वाटेतल्या आठवड्यांत जंतू वाढून ती आली असती. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रातून हाफकिन यांची बाजू मांडली, तेव्हा सरकारने त्यांना पुन्हा कामावर घेतले. पण नेमणूक झाली ती कलकत्त्याला. मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये त्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

द्रावणात बुचकळणे पुरेसे का नव्हते? धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात बीजाणूंच्या रूपाने असतात. बीजाणू म्हणजे जाड कवचात निद्रिस्त असलेला जंतू. त्याला जंतुनाशकाची धावती अंघोळ काही करत नाही. साध्या उकळत्या पाण्यातूनही तो तगू शकतो. म्हणून दातांच्या दवाखान्यात ऑटोक्लेव्ह लागतो. तो प्रेशर कुकरच्याच तत्त्वावर चालतो. दाबाखालची १२१ अंश सेल्सिअसची वाफ ठरलेली मिनिटे लागली की बीजाणू मरतात. त्याआधी हत्यार घासून स्वच्छ करावे लागते, कारण वाळलेल्या रक्ताच्या आणि लाळेच्या थराखाली जंतूंना आडोसा मिळतो. पाऊचवरच्या खुणेचा रंग बदलला म्हणजे उष्णता लागली एवढेच कळते. यंत्र खरोखर जंतू मारते का, हे जिवंत बीजाणूंची पट्टी आत ठेवून वेळोवेळी तपासावे लागते.

दात काढल्यावर तोंडात उघडी जखम राहते, आणि दात साफ करतानाही हिरडीतून रक्त येते. त्यामुळे धनुर्वातापेक्षाही हेपॅटायटिस बी सारख्या, रक्तातून पसरणाऱ्या आजारांची काळजी इथे अधिक. विद्यार्थ्याने स्वतः त्याची लस घेतलेली असावी. प्रत्येक रुग्णाला नवे ग्लोव्हज, ते घालण्यापूर्वी आणि काढल्यावर हात धुणे, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा आणि वापरलेली सुई लगेच न टोचणाऱ्या डब्यात, हे सगळे त्याच शिस्तीचे भाग आहेत.

हत्यार पडले तर ते बाजूला ठेवावे, पडल्याचे सोबतच्यांना सांगावे आणि दुसरा पाऊच फोडावा. खुर्चीतल्या माणसाला दोन मिनिटे जास्त थांबावे लागेल, शिक्षक कदाचित रागावतील, पण नुकसान तेवढेच. आपणही खुर्चीत बसताना हत्यारांचा पाऊच समोर उघडायला सांगावा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.