मृत्यूचा हिशेब ठेवणारा माणूस : वाल्डेमार हाफकिन

‘हाफकिन’ हे नाव भाईंदरच्या आमच्या घरात औषधाचे नाव म्हणूनच परिचित आहे. माझे आजोबा मिठागरात कामाला होते. तिथे पाण-साप नव्हे, तर खरा विषारी साप एखाद्याला डसला, तर मुंबईच्या इस्पितळात नेऊन ‘हाफकिनचे इंजेक्शन’ द्यायचे, एवढे सर्वांना ठाऊक. पुढे लहान मुलांना पाजायच्या पोलिओच्या डोसावरही हेच नाव आले. परळला आचार्य दोंदे मार्गावर या नावाची मोठी संस्था आहे, हेही आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. परंतु हे नाव एका माणसाचे आहे, तो माणूस डॉक्टर नव्हता, इंग्रज नव्हता, आणि ज्या प्रयोगशाळेला आज त्याचे नाव आहे तिच्यातूनच त्याला एके काळी अपमानित करून दूर केले गेले होते, हा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, विज्ञानाचा नाही; तरी या माणसाचे चरित्र सांगण्याचे धाडस करीत आहे.

१८६० च्या मार्च महिन्यात काळ्या समुद्राच्या काठी, ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात हाफकिन यांचा जन्म झाला. ओडेसा त्या वेळी रशियन साम्राज्यात होते. तेथील विद्यापीठात त्यांना मेचनिकॉफ यांच्यासारखा गुरू लाभला. रोगजंतूंशी झुंजणाऱ्या रक्तपेशींचा शोध लावून पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते मेचनिकॉफ. हाफकिन यांचा विषय प्राणिशास्त्र. पण त्या दिवसांत रशियातला बुद्धिमान तरुण केवळ अभ्यास करीत बसणे कठीणच होते. झारशाहीविरुद्धच्या चळवळीत ते ओढले गेले, ज्यूंवरील हल्ल्यांच्या वेळी स्वकीयांच्या रक्षणासाठी उभे राहिले, जखमी झाले आणि तुरुंगातही गेले. गुरूंच्या रदबदलीने सुटका झाली. ख्रिस्ती धर्म स्वीकारला असता तर प्राध्यापकपद मिळणे शक्य होते. ते त्यांनी नाकारले आणि १८८८ साली देश सोडला. जिनीव्हाहून १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. तेथे रिकामी जागा होती ती ग्रंथालयातली. ती त्यांनी घेतली. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असा त्यांचा क्रम होता.

त्या प्रयोगांतून पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस तयार झाली. १८ जुलै १८९२ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पण पटकी खरी होती ती हिंदुस्थानात. म्हणून १८९३ साली ते कलकत्त्यास आले. तेथील एका गरीब बस्तीत सुमारे दोनशे लोकांपैकी ११६ जण टोचून घेण्यास तयार झाले. त्यानंतर त्या बस्तीत पटकीने गाठले ते न टोचलेल्यांनाच. हजारो लोकांना लस टोचत ते देशभर हिंडले, मलेरियाने खंगले, विलायतेस परतले आणि १८९६ मध्ये पुन्हा आले. त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील आजार हा गाठीचा प्लेग आहे, हे प्रथम ओळखले गोमंतकीय डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी. त्यानंतर मुंबईत जी पळापळ झाली, तिचे वर्णन आपण वाचलेले आहे. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली हाँगकाँगला सापडला होता. परंतु तो उंदरावरच्या पिसवांमुळे माणसापर्यंत येतो, हे अजून कोणाला उमगले नव्हते. ऑक्टोबरच्या सुरुवातीस सरकारने हाफकिन यांना मुंबईस पाठवले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व तिला लागून असलेला बोळ मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई.

या खोलीत तीन महिने जे चालले, ते मला एखाद्या कादंबरीहून अद्भुत वाटते. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचे सार लागते. गोमांसाचे किंवा डुकराच्या मांसाचे सार वापरले तर या देशात कोण टोचून घेणार? म्हणून हाफकिन यांनी बोकडाचे मांस वापरले. आणि त्या सारावर त्यांनी साजूक तुपाचे थेंब सोडले! आपल्या आईच्या फडताळातले तूप जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेले ते असे. त्या तरंगणाऱ्या थेंबांच्या खाली जंतू चिकटून वाढत आणि गुहेच्या छताला लोंबणाऱ्या सुळक्यांसारखे खाली उतरत. काचेचे भांडे जराही हलता कामा नये. सुळके पुरेसे वाढले की भांडे हलवायचे. ते तळाशी जातात आणि वर नवे पीक येते. असे काही आठवडे झाल्यावर ते सार तासभर तापवून जंतू मारायचे, थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे, की लस तयार. कामाच्या ताणाने एका मदतनिसाची प्रकृती ढासळली, दुसरे दोघे सोडून गेले. हाफकिन मात्र थांबले नाहीत.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःच्या अंगात घेतली, आणि तीसुद्धा पुढे लोकांना देण्यात आलेल्या मात्रेच्या तिपटी-चौपटीने. ताप भरला, अंग ठणकले, पण ते बरे झाले. मात्र एवढ्याने सिद्ध होते ते इतकेच, की लसीने माणूस मरत नाही. लसीने माणूस वाचतो, हे कसे सिद्ध करायचे? त्याला दोन गट लागतात. सारखे अन्न, सारखी जागा, सारखी हवा. फरक फक्त सुईचा. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तसे गट मिळाले. निम्म्याच्या आसपास कैदी स्वखुशीने पुढे आले. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, त्यांतले ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले व दोघेही वाचले. कैद्याच्या स्वखुशीला किती अर्थ असतो, असा प्रश्न आज आपण विचारू, आणि तो विचारायलाच हवा.

याहूनही कठीण प्रसंग १८९८ साली बडोद्याजवळील उंढेरा गावी आला. तेथे हाफकिन यांनी घराघरातच दोन वाटण्या केल्या. घरातील निम्म्या माणसांना टोचले, निम्म्यांना नाही. प्लेग शिरलेल्या घरांतील टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ दगावले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले. हे आकडे लसीच्या बाजूने इतके बोलके आहेत की शंकेला जागा उरत नाही. परंतु ते वाचताना मला त्या २६ जणांची घरे दिसतात. एकाच चुलीवर जेवणारे दोघे भाऊ; एकाच्या दंडावर सुईची खूण, दुसऱ्याच्या नाही. हाफकिन यांना हे दिसत नसेल असे मला वाटत नाही. पुराव्याशिवाय सरकार हलणार नव्हते आणि लोकही विश्वास ठेवणार नव्हते. तरीही त्या पुराव्याची किंमत कोणी मोजली, हे आपण विसरू नये.

त्या काळातला महाराष्ट्र आपल्याला रँडच्या नावाने पाठ आहे. पुण्यात सोजिरांनी घरांत घुसून केलेल्या झडत्या, २२ जून १८९७ ची रात्र, चाफेकर बंधू हे सर्व आपण शाळेपासून शिकतो. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, हेही शिकतो. त्याच महिन्यांत, त्याच सरकारचा पगार घेणारा एक परका माणूस सक्तीविना, समजावून सांगून काम करीत होता, हे मात्र पुस्तकात येत नाही. लोकांचा विश्वास सोजिरांनी मिळत नाही. तो मिळतो आपल्यातला कोणी पुढे आला म्हणजे. मुंबईच्या खोजा समाजाचे प्रमुख आगाखान यांनी सर्वांसमक्ष टोचून घेतले आणि हजारो खोजा त्यांच्यामागून आले. आगाखान तेव्हा १९ वर्षांचे होते. म्हणजे आपल्याच वयाचे! आपली जागाही त्यांनी प्रयोगशाळेसाठी दिली.

१८९९ च्या ऑगस्टमध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात आली. याच वाड्यात १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीने वारल्या आणि पुढे गव्हर्नरांनी तो सोडला. रोगाने रिकामा केलेला वाडा रोगाविरुद्धच्या लढाईला मिळाला. येथून लक्षावधी मात्रा देशभर जाऊ लागल्या.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ चा दिवस आला. पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना टोचले. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्यांना लस दिली, ते १९ जण धनुर्वाताने मेले. पंजाबची मागणी मोठी असल्याने परळला त्या सुमारास नवी रीत सुरू केली होती. तीत कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त होती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ही रीत आधीच रूढ होती. तरीही चौकशी मंडळाने दोष प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते, रशियन होते, ज्यू होते. लष्करी डॉक्टरांच्या सेवेत त्यांची बाजू घेणारे थोडेच होते.

पुरावा तर समोरच होता. त्या दिवशीच्या बाकीच्या बाटल्यांतून एकालाही बाधा झाली नव्हती. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढले असते तर तिला दुर्गंधी आली असती. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना ती आली नव्हती. शिवाय बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. ज्या माणसाने एकेका मृत्यूचा दोन रकान्यांत हिशेब मांडला, त्याच्यावर आरोप ठेवताना एवढा साधा हिशेब कोणी मांडला नाही. जुलै १९०७ मध्ये मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे सरकार हलले आणि हाफकिन निर्दोष ठरले. मध्ये जवळजवळ पाच वर्षे गेली होती.

ते हिंदुस्थानात परत आले, पण परळला नाही. कलकत्त्यात त्यांना एक लहान प्रयोगशाळा दिली गेली आणि माणसांवर लसीचे प्रयोग करण्याची मोकळीक मात्र दिली नाही. काही वर्षे त्यांनी तसेच काम केले आणि पंचावन्नाव्या वर्षी निवृत्ती घेतली. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. ते कळल्यावर त्यांनी आभाराचे पत्र पाठवले. मुंबईच्या कामात आपली उमेदीची वर्षे गेली, अशी आठवणही त्यात काढली. तक्रार नव्हती.

२६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नव्हते. ज्या धर्मासाठी तरुणपणी प्राध्यापकपद सोडले होते, त्या धर्माकडे ते उतारवयात अधिक ओढले गेले. आयुष्यभराची सारी शिल्लक त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू पाठशाळांसाठी ठेवली. त्या पाठशाळांतील मुलांना धर्मग्रंथांबरोबरच विज्ञान आणि हाताला एखादा उद्योग शिकवला जावा, अशी त्यांची इच्छा होती.